कंडेन्सरवर फोडलेलं खापर

गेल्या पावसाळ्यात एका नाटक कंपनीचा साउंड ऑपरेटर माझ्याकडे आला. मिक्सर टेम्पोत होता आणि हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत तीनशेच्या वर जुने कंडेन्सर. चोवीस चॅनेलच्या त्या मिक्सरमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर कुणीतरी झाडून सगळे बदलले होते आणि कामाचा पुरावा म्हणून जुने परत दिले होते. "काका, सगळे नवे टाकलेत, पण हिस तशीच आहे," तो म्हणाला. मजुरी आणि माल धरून कंपनीचा एका दौऱ्याचा नफा त्यात गेला होता.

तो नाट्यगृहात जसा जोडतो तसाच मी मिक्सर त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला आणि मास्टर फेडर पूर्ण खाली ओढला. स्पीकरमधली सूंऽऽ तसूभरही कमी झाली नाही. याचा अर्थ उघड आहे. मास्टर बंद केल्यावरही जो आवाज येतो, तो मास्टरच्या अलीकडून येऊच शकत नाही. आणि ते तीनशे कंडेन्सर, बोटांवर मोजण्याइतके सोडले तर, सगळे मास्टरच्या अलीकडे बसलेले होते. ज्या रस्त्याने पाणी येतच नव्हतं, तो रस्ता खणून काढला गेला होता. ही तपासणी करायला पाच सेकंद लागतात. ती कुणी केली नाही.

हे मी त्या एका दुरुस्तीवाल्यावर रागावून लिहीत नाही. त्याने जे केलं ते आज शहाणपण म्हणूनच सांगितलं जातं. मिक्सर वीस वर्षांचा झाला, आवाज करतो, मग पहिलं काम म्हणजे सगळे कंडेन्सर बदला. भाड्याने साउंड देणारे हेच सांगतात, घरच्या घरी स्टुडिओ थाटणारी मुलं हेच सांगतात, आणि मिक्सर उघडूनही न पाहता टेबलापलीकडून हेच सांगणारे दुरुस्तीवालेही आहेत. हा सल्ला चुकीचा आहे. त्यात सत्याचा एक तुकडा आहे, म्हणूनच तो जास्त नुकसान करतो.

तो तुकडा आधी मान्य करतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर खरोखरच म्हातारा होतो. आत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आणि द्रावणात भिजलेला कागद. वर्षानुवर्षांत ते द्रावण बुडाच्या रबरी बुचातून हळूहळू उडून जातं. कंडेन्सर सुकतो, त्याची क्षमता घटते आणि अंतर्गत रोध, ज्याला आम्ही ईएसआर म्हणतो, वाढतो. उष्णता हा त्याचा मुख्य शत्रू. आमच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब आहे: तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. ८५ अंशांना २,००० तास अशी हमी असलेला साधा कंडेन्सर ४५ अंशांवर राहिला तर ३२,००० तास टिकेल. रोज चार तास मिक्सर चालतो असं धरलं तर ही बावीस वर्षं होतात. पण तोच कंडेन्सर पॉवर सप्लायमध्ये, तापलेल्या हीटसिंकला खेटून, ६५ अंशांवर बसला असेल तर ८,००० तास, म्हणजे साडेपाच वर्षं. आणि हे तास संपले म्हणजे कंडेन्सर मेला असं नाही; कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेइतका तो घसरला, एवढंच.

म्हणजे ज्या हिशेबाच्या आधारे "सगळे बदला" म्हणतात, तोच हिशेब सांगतो की सगळे एका वेळी म्हातारे होत नाहीत. पॉवर सप्लायमधले आधी जातात, चॅनेलमधले खूप नंतर. मी त्या पिशवीतून मूठभर कंडेन्सर काढून मीटरवर लावले. बहुतेकांची क्षमता छापलेल्या आकड्याच्या आसपासच होती. धडधाकट माणसं निवृत्त केली होती.

आता हिसकडे येतो, कारण खरी गल्लत तिथेच आहे. सगळ्या त्रासदायक आवाजांना आपण सरसकट "नॉइज" म्हणतो, आणि एकदा एकच नाव दिलं की एकच औषध सुचतं. पण हिस वेगळी, हमिंग वेगळं, खरखर वेगळी. हिस मूलतः कुठून येते ते १९२८ सालापासून माहीत आहे. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये जॉन जॉन्सनने ती मोजली आणि हॅरी नायक्विस्टने तिचं गणित मांडलं. कुठल्याही रोधातले इलेक्ट्रॉन उष्णतेने अस्वस्थ असतात, त्या अस्वस्थतेचा आवाज म्हणजे ही हिस. १५० ओहमचा माइक घेतला तर ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्ट्यात त्याची स्वतःची हिस सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट भरते. जगातला सर्वांत महागडा मिक्सर आणला तरी ती खाली जात नाही.

या हिसमध्ये कंडेन्सरचा वाटा किती? शुद्ध कंडेन्सर उष्णतेची हिस निर्माणच करत नाही. त्याच्यात जेवढा रोध असतो, तेवढाच बोलतो. समजा, माइकच्या वाटेतला कंडेन्सर सुकून त्याचा ईएसआर चक्क १० ओहम झाला. १५० ओहमच्या जागी १६० ओहम झाले. हिस वाढली ०.२८ डेसिबलने. नाट्यगृहात बसलेल्या कुणाच्याही कानाला हा फरक कळणार नाही, रेकॉर्डिस्टच्याही नाही. पुढच्या टप्प्यांत, जिथे १० किलोओहमचे रोध बसलेले असतात, तिथे तर हे दहा ओहम खिजगणतीतही नाहीत.

क्षमता घटली तर काय होतं तेही पाहू. दोन टप्प्यांमधला १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १० किलोओहमच्या पुढे बसला असेल तर १.६ हर्ट्झच्या खालचं अडवतो. तो सुकून एक मायक्रोफॅरड, म्हणजे दहाव्या हिश्श्यावर आला, तरी अडवण्याची रेघ १६ हर्ट्झवर जाते. डग्ग्याचा घुमारा त्याच्या बराच वर असतो. एकामागून एक असे चार-पाच कंडेन्सर मेले तर डग्गा पातळ वाटू लागेल, हे खरं. पण पातळ डग्गा ही एक तक्रार आणि सूंऽऽ ही दुसरी. पहिल्या तक्रारीवरचं औषध दुसरीला देऊन गुण कसा येईल?

मग मोठ्या मिक्सरमध्ये हिस वाढते कुठे? जिथे सगळे चॅनेल एकत्र येतात तिथे. चोवीस चॅनेल एकेका रोधातून एका आयसीच्या पायावर येऊन मिळतात. त्या आयसीला प्रत्येक चॅनेलचा आवाज एकपटच ठेवायचा असतो, पण स्वतःची हिस मात्र तो पंचवीसपट वाढवून पुढे ढकलतो. हा त्या जोडणीचाच गुण आहे. आता त्या जागी जुना टीएल०७२ असेल, ज्याची हिस डेटाशीटप्रमाणे १८ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ आहे, आणि त्याऐवजी ५ नॅनोव्होल्टचा एनई५५३२ बसवला, तर त्या टप्प्याची हिस अकरा डेसिबलने खाली येऊ शकते. आठ पायांचा तो एक आयसी. पण त्याला वीज जास्त लागते, पॉवर सप्लायला ती झेपते का ते आधी पाहावं लागतं, म्हणून मी तेसुद्धा सरसकट करा म्हणत नाही. सांगायचं इतकंच की तीनशे नव्या कंडेन्सरनी जे कधीच साधणार नाही, ते कुठे साधतं हे कागद-पेन्सिलीने आधी कळू शकतं.

यावर हमखास येणारं उत्तर मला ठाऊक आहे. "तुमचं गणित राहू द्या. आम्ही कंडेन्सर बदलले आणि आवाज गेला, आमच्या कानांनी ऐकलं." मी त्यांच्या कानांवर अविश्वास दाखवत नाही. मला फक्त विचारायचं आहे की त्या दिवशी आणखी काय काय केलं? मिक्सर उघडला. पट्टीच्या केबली काढून पुन्हा घट्ट बसवल्या. फेडर आणि पॉट क्लीनरने धुतले. बोर्ड बाहेर काढताना इन्सर्टच्या जॅकमधल्या पत्र्या हलल्या. तडा गेलेले सोल्डरचे डाग गरम होऊन पुन्हा जुळले. कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात खारट दमट हवेने हे जोड काळे पडतात. इन्सर्ट जॅकच्या आतल्या स्विचला ऑक्साइड चढला की चॅनेल खरखरतो, मध्येच मंदावतो, फाटका वाजतो. रिकामी पिन चार वेळा आत-बाहेर केली तरी तो बरा होतो. कंडेन्सर बदलणाऱ्याने नकळत हे सगळं केलेलं असतं आणि श्रेय कंडेन्सरला दिलेलं असतं. खरं तपासायचं असेल तर आधी फक्त साफसफाई करा, ऐका, आणि मग एकाच चॅनेलचे कंडेन्सर बदलून शेजारच्या चॅनेलशी ताडून पाहा. दोन्हींच्या माइक इनपुटमध्ये दोन नंबर आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रोध लावा, गेन सारखा ठेवा, हेडफोन लावा. मी हे अनेकदा केलं आहे. ज्या चॅनेलमध्ये कंडेन्सर गळका नव्हता, तिथे मला हिसमध्ये फरक सापडलेला नाही.

हा समज आला कुठून, याचाही शोध घ्यायला हवा. १९८० साली 'ऑडिओ' या अमेरिकन मासिकात वॉल्टर युंग आणि रिचर्ड मार्श यांनी कंडेन्सर निवडण्यावर दोन लेख लिहिले. २००२-०३च्या सुमारास सिरिल बेटमनने 'इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड'मध्ये कंडेन्सरची बारीक मोजमापं छापली. सिरॅमिक, फिल्म, इलेक्ट्रोलिटिक यांच्या स्वभावात फरक असतो, हे या लोकांनी दाखवलं आणि ते काम मोलाचं आहे. पण त्यांचा विषय होता डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ सुरात कंडेन्सर काय भर घालतो. सूंऽऽ हा नव्हे. साउंडक्राफ्टसाठी मिक्सरची रचना केलेले डग्लस सेल्फ यांनी तर आणखी साधी गोष्ट सांगितली: इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर पुरेसा मोठा घ्या, म्हणजे त्याच्या दोन टोकांमध्ये सिग्नलचा दाब जवळजवळ उरतच नाही आणि डिस्टॉर्शनही उरत नाही. तोंडातोंडी जाताना "कंडेन्सरने आवाज बदलतो" याचं "कंडेन्सरने आवाज येतो" झालं. एका शब्दाचा फेर, आणि त्यावर आज दुकानं चालतात.

हमिंगची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे मी अर्धा मुद्दा विरोधकांना देतो. पण तिथेही आधी ऐकावं लागतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. संगीत नाटकाच्या लोकांना हे सुरात सांगता येतं: ५० हर्ट्झ म्हणजे पांढरी पाच, अगदी खालच्या सप्तकातली आणि किंचित चढी. पॉवर सप्लायमध्ये डायोडच्या ब्रिजनंतर उरणारी लहर १०० हर्ट्झची असते, म्हणजे तीच पांढरी पाच, पण एक सप्तक वर. खालची पांढरी पाच ऐकू आली तर संशय अर्थिंगच्या घोळावर, केबलवर, शेजारी ठेवलेल्या ट्रान्सफॉर्मरवर. वरची स्वच्छ, गोल ऐकू आली तर पॉवर सप्लायवर. आणि वरचीच पण तिखट, करवतीसारखी, दिव्यांबरोबर बदलणारी असेल तर ती डिमरची. नाट्यगृहात दिवे अर्ध्यावर आले की भुणभुण वाढते आणि ब्लॅकआउट झाला की थांबते, हे प्रत्येक ऑपरेटरने अनुभवलेलं असतं. तरी त्यातले काही जण दुसऱ्या दिवशी मिक्सर कंडेन्सर बदलायला घेऊन येतात. लाइट आणि साउंड एकाच फेजवर असतील, माइकच्या केबली डिमरच्या वायरींना गुंडाळून टाकल्या असतील, तर मिक्सरमधला कुठला भाग त्यावर उपाय करणार?

अर्थिंगबद्दल नील मन्सी या तंत्रज्ञाचं नाव घेतलंच पाहिजे. त्याने १९९५ साली ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात दाखवून दिलं की कित्येक यंत्रांमध्ये माइक जॅकची एक नंबरची पिन, म्हणजे केबलची जाळी, थेट पत्र्याच्या पेटीला न जोडता आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असते. मग जाळीतून वाहणारी घाण सरळ सिग्नलमध्ये शिरते. आम्ही याला एक नंबर पिनचा घोळ म्हणतो. २००५ साली सोसायटीने यावर मानकही काढलं. अशा मिक्सरमध्ये सोन्याचे कंडेन्सर बसवले तरी हमिंग जाणार नाही, आणि पिनेपासून पेटीपर्यंत इंचभर जाड तार जोडली तर जाऊ शकतं.

आता पॉवर सप्लाय. इथे कंडेन्सर खरा गुन्हेगार असतो, आणि तो कसा पकडावा हे मी तपशिलाने सांगतो, कारण इथेच तो वर्कशॉपमध्ये निर्दोष सुटतो. १५ व्होल्टची रेल आहे, एक अँपिअर वीज जाते, ४,७०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आहे. त्यावरची लहर सुमारे २.१ व्होल्टची. कंडेन्सर सुकून निम्मा झाला तर ४.३ व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर १८ व्होल्टचा असेल तर २३० व्होल्टच्या विजेवर शिखर साधारण २४ व्होल्टपर्यंत जातं. त्यातून ४.३ वजा केले तरी जवळजवळ २० उरतात. रेग्युलेटरला सतराच्या आसपास पुरतात. म्हणजे निम्मा मेलेला कंडेन्सर असूनही माझ्या टेबलावर मिक्सर चिडीचूप. तोच मिक्सर जत्रेत नेला, संध्याकाळी गावभर दिवे आणि पंप लागले, वीज १९० व्होल्टवर उतरली. शिखर २० वर आलं. चांगला कंडेन्सर असता तर १७.९ उरले असते, निभावलं असतं. निम्म्याने १५.७ उरतात, रेग्युलेटर गुडघे टेकतो आणि वरची पांढरी पाच सगळ्या मंडपात घुमते. ऑपरेटर सांगतो की गावात आवाज येतो, दुरुस्तीवाला सांगतो की माझ्याकडे येत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. म्हणून मी पॉवर सप्लाय नेहमी वीज कमी-जास्त करणाऱ्या व्हेरिअ‍ॅकवर १९० पर्यंत खाली आणून तपासतो. तिथे हमिंग आलं तर ते दोन-चार मोठे कंडेन्सर बिनदिक्कत बदलतो, १०५ अंशांचे घालतो आणि जुन्या यंत्राचा पॉवर सप्लाय वेळेआधी बदलायलाही माझी हरकत नाही.

आणखी दोन-तीन जागा आहेत. माइकच्या वाटेत, कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट अडवणारे कंडेन्सर गळके झाले तर त्यातून डीसी झिरपतो, गेनचा पॉट फिरवताना खरखरतो आणि माइकमागे गडगड ऐकू येते. खूण सोपी: ४८ व्होल्ट बंद करा, काही वेळ थांबा, खरखर गेली तर संशय पक्का. फक्त कंडेन्सर माइकवरच गुणगुण येत असेल तर ४८ व्होल्टच्या सप्लायचा फिल्टर पाहा. जुने टँटलम कंडेन्सर शॉर्ट होतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासूनच्या काही यंत्रांतले बोर्डावर चपटे बसणारे छोटे इलेक्ट्रोलिटिक गळतात आणि तांब्याच्या रेघा खातात. ते दिसले की ताबडतोब काढावेत. पण या प्रत्येक ठिकाणी आधी लक्षण आहे, मग तपासणी आणि त्यानंतर सोल्डरिंग.

"बदलले तर बिघडलं कुठे, नवेच तर घातले," असंही म्हणतात. या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग आहे. तीनशे कंडेन्सर म्हणजे सहाशे डाग. प्रत्येक डाग काढताना जुन्या बोर्डावरचं तांबं उखडण्याची शक्यता. सहाशेमध्ये दोन चुकले तरी दोन चॅनेल गेले. एखादा कंडेन्सर उलटा बसतो, तिथे दाब कमी असल्याने महिनोन्‌महिने चालतो, मग गळायला लागतो; जिथे खरखर नव्हती तिथे ती आता तयार होते. "ऑडिओ ग्रेड" म्हणून जाडजूड फिल्म कंडेन्सर उभे करून ठोकले जातात, आणि त्यांचं लांबरुंद अंग नाजूक जागी अँटेनासारखं हमिंग ओढून घेतं. बाजारात मोठ्या डबीत छोटी डबी घालून विकलेला माल असतो, वरच्या वेष्टणावर नामांकित कंपनीचं नाव छापलेलं असतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीतून, प्रत्येक कंडेन्सर मीटरवर लावल्याशिवाय बोर्डात घालू नये. तीनशे एकदम घेणारा तो लावतो का? चालणारे जुने, मूळ भाग काढून न तपासलेले नवे भाग घालणं याला दुरुस्ती म्हणायला मी तयार नाही.

आणि पैसे कुणाचे जातात? बड्या स्टुडिओंचे नव्हे. त्यांच्याकडे मोजायची यंत्रं आहेत आणि विचारायला माणसं आहेत. जातात ते दौऱ्यावरच्या नाटक कंपन्यांचे, ऑर्केस्ट्रावाल्यांचे, कीर्तन-भजनाला साउंड लावणाऱ्या तालुक्याच्या पोरांचे. त्यांचा तोच एक मिक्सर असतो. तो हंगामात तीन आठवडे दुरुस्तीला पडला की घरात चूल पेटवण्याचा प्रश्न येतो.

त्या चोवीस चॅनेलच्या मिक्सरचं काय झालं ते सांगतो. अ‍ॅम्प्लिफायरचे दोन्ही पॉट शेवटपर्यंत उघडे होते. फीडबॅकच्या भीतीने आधीच्या कुणीतरी चॅनेलचे गेन खाली ठेवायची सवय लावली होती, त्यामुळे मिक्सरमधून सिग्नल अशक्त बाहेर पडायचा आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याबरोबर मिक्सरच्या शेवटच्या टप्प्याची सगळी हिसही वर उचलायचा. मी गेन योग्य जागी आणले, मास्टर शून्यावर ठेवला, अ‍ॅम्प्लिफायर बारा डेसिबलने खाली घेतला. हिस दुसऱ्या रांगेत ऐकू येईनाशी झाली. एकही भाग बदलला नाही.

दोन चॅनेल मात्र आधीच्या दुरुस्तीत मेले होते. आठव्याच्या उखडलेल्या रेघेवर मी बारीक तार टाकून तो चालू केला. सातव्याचा बोर्ड आतून इतका सोलला गेला होता की तो वाचवता आला नाही, आणि त्या मॉडेलची चॅनेलची सुटी पट्टी आता मिळत नाही. त्याच्या फेडरवर ऑपरेटरने पांढरी चिकटपट्टी लावली आहे. तबल्याचा माइक सातवर असायचा. आता तो तेवीसवर लावतात, आणि प्रयोगात ऑपरेटरचा हात अजून सवयीने सातवर जातो.